वेंगर आऊट : ज्यांनी सगळं जिंकून दिलं, त्यांच्यावरच आर्सेनलचे चाहते का उलटले?

१८ मार्च २०१७. इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या मैदानावर आर्सेनलचा सामना सुरू असताना आकाशात एक छोटं विमान घिरट्या घालू लागलं. त्याच्या मागे फडकणाऱ्या फलकावर मागणी होती : नवा करार नको, वेंगर आऊट. त्याच सामन्यात दुसरं विमानही आलं. त्याच्या फलकावर नेमकं उलट लिहिलं होतं : आमचा अर्सेन यांच्यावर विश्वास आहे. एकाच क्लबच्या चाहत्यांचे दोन गट आकाशात भांडत होते आणि खाली मैदानात त्यांचा संघ ३-१ असा हरत होता.

क्लबचा मॅनेजर चुकतोय, हवे ते खेळाडू घेतले जात नाहीत, पैसा असून खर्च होत नाही, ही तक्रार जगभरातल्या फुटबॉल चाहत्यांच्या तोंडी असते. पण ती जितकी वर्षं आणि जितक्या जोरात आर्सेनलमध्ये चालली, तितकी क्वचितच कुठे चालली असेल. म्हणूनच चाहत्यांचा राग नेमका कशातून येतो आणि मॅनेजर बदलल्याने तो शमतो का, हे समजून घ्यायला आर्सेनलचं उदाहरण उपयोगी पडतं.

वेंगर यांचं स्थान इतकं मोठं का होतं?

फ्रान्सचे अर्सेन वेंगर १९९६ मध्ये जपानमधल्या क्लबमधून लंडनला आले, तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. दुसऱ्याच हंगामात, १९९७-९८ मध्ये, त्यांनी प्रीमियर लीग आणि एफए कप अशी दोन्ही जेतेपदं मिळवून दिली. २००१-०२ मध्ये तोच पराक्रम पुन्हा झाला. २००३-०४ च्या हंगामात तर आर्सेनल लीगमधल्या ३८ सामन्यांपैकी एकही हरला नाही. २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये असा अपराजित हंगाम त्याआधी फक्त प्रेस्टन नॉर्थ एंडच्या नावावर होता, तोही १८८८-८९ मध्ये आणि २२ सामन्यांचा.

वेंगर यांची खेळाडू निवडण्याची नजरही तितकीच वाखाणली गेली. निकोला अनेल्का या फ्रेंच तरुणाला त्यांनी १९९७ मध्ये सुमारे ५ लाख पौंडांना आणलं आणि १९९९ मध्ये रेआल माद्रिदला २ कोटींहून अधिक पौंडांना विकलं. त्याच्या जागी युव्हेंटसमध्ये चाचपडणारा थिएरी ऑन्री आला आणि पुढे तो क्लबच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. स्वस्तात घ्यायचं, घडवायचं आणि जिंकायचं, ही वेंगर यांची ओळख बनली. नंतर याच ओळखीवरून वाद पेटला.

मॅनेजरच्या हातात नेमकं काय असतं?

युरोपातल्या अनेक देशांत प्रशिक्षकाचं काम संघ तयार करणं आणि सामन्याचे डावपेच ठरवणं एवढंच असतं. कोणता खेळाडू घ्यायचा, किती किंमत द्यायची, हे क्रीडा संचालक ठरवतो. इंग्लंडची जुनी पद्धत वेगळी होती. तिथे ‘मॅनेजर’ म्हणजे घरातला कर्ता पुरुष. सराव, निवड, खरेदी, विक्री, अगदी जेवणात काय असावं इथपर्यंत त्याचा शब्द चालायचा.

वेंगर या पद्धतीचे शेवटचे मोठे प्रतिनिधी होते. सुरुवातीच्या काळात क्लबचे उपाध्यक्ष डेव्हिड डीन त्यांच्या जोडीला होते. वेंगर नाव सुचवत आणि डीन सौदा पटवत. २००७ मध्ये संचालक मंडळाशी मतभेद होऊन डीन बाहेर पडले. त्यानंतर वेंगर यांना ठामपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल असं वजनदार माणूस क्लबमध्ये उरलं नाही, असं अनेक जाणकार मानतात. २०१७ मध्ये क्रीडा संचालक नेमण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा हा संचालक रस्त्यात उभा राहून डावी-उजवीकडे हात दाखवणार का, अशा अर्थाची थट्टा वेंगर यांनी पत्रकारांसमोर केली होती.

सगळे अधिकार एकाकडे असले की यशाचं श्रेय त्याला मिळतं आणि अपयशाचं खापरही त्याच्याच डोक्यावर फुटतं.

नव्या स्टेडियमचा आणि खेळाडूंच्या खरेदीचा काय संबंध?

आर्सेनलचं जुनं मैदान हायबरी सुमारे ३८ हजार प्रेक्षकांचं होतं. तिकिटांसाठी रांग मोठी आणि जागा कमी, त्यामुळे क्लबने जवळच सुमारे ६० हजार क्षमतेचं एमिरेट्स स्टेडियम बांधलं. खर्च आला सुमारे ३९ कोटी पौंड. त्यासाठी मोठं कर्ज काढावं लागलं. २००६ मध्ये संघ नव्या मैदानात गेला आणि सामन्यांच्या दिवसांची वार्षिक कमाई सुमारे ४.४ कोटी पौंडांवरून ९ कोटींवर पोहोचली. पण कर्जाचे हप्तेही सुरू झाले. रोख रकमेची निकड होती म्हणून मैदानाचं नाव आणि जर्सीवरची जाहिरात यांचे करार दीर्घ मुदतीचे केले गेले. पुढे बाजारभाव वाढत गेले, पण आर्सेनल जुन्या दरात अडकून राहिला.

त्याच सुमारास स्पर्धेचं गणित बदललं. २००३ मध्ये रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला आणि २००८ मध्ये मँचेस्टर सिटी अबुधाबीच्या मालकीचा झाला. आर्सेनल घराचे हप्ते फेडत असताना शेजाऱ्यांना जणू लॉटरी लागली होती. स्टेडियमसाठी कर्ज देताना आपण पाच वर्षं क्लबमध्ये राहावं, अशी बँकांची अट होती, असं वेंगर यांनी नंतर सांगितलं. दरवर्षी पहिल्या चार संघांत येऊन चॅम्पियन्स लीगचा पैसा आणणं क्लबसाठी अत्यावश्यक होतं. वेंगर यांनी सलग २० हंगाम संघाला पहिल्या चारांत आणून दाखवलं.

चाहत्यांना मात्र दुसरंच चित्र दिसत होतं. ऑन्री २००७ मध्ये बार्सिलोनाला गेला. २०११ मध्ये कर्णधार सेस्क फॅब्रेगासही तिकडेच गेला आणि समीर नासरी मँचेस्टर सिटीला. त्यानंतर काहीच दिवसांनी, २८ ऑगस्ट २०११ रोजी मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलचा ८-२ असा धुव्वा उडवला. १८९६ नंतरचा हा क्लबचा सर्वांत मोठा पराभव होता. खरेदीची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. शेवटच्या दोन दिवसांत क्लबने घाईघाईने पाच खेळाडू आणले. पुढच्याच वर्षी कर्णधार रॉबिन व्हॅन पर्सीला थेट युनायटेडला विकलं आणि त्याच्या गोलांच्या जोरावर युनायटेडने लीग जिंकली.

खेळाडू विकत घेणं इतकं गुंतागुंतीचं का असतं?

आयपीएलच्या लिलावाशी तुलना केली की फरक पटकन लक्षात येतो. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. लिलाव सगळ्यांसमोर होतो आणि कोणी किती बोली लावली हे लगेच कळतं.

युरोपीय फुटबॉलमध्ये असा लिलाव नसतो. उन्हाळ्यात आणि जानेवारीत ठरावीक मुदतीसाठी खरेदी-विक्रीची खिडकी उघडते. तेवढ्या काळात विकणाऱ्या क्लबशी किंमत, खेळाडूशी पगार आणि एजंटशी कमिशन, असे तीन सौदे एकाच वेळी जमवावे लागतात. विकणारा क्लबही आपल्या खेळाडूचा पर्याय सापडल्याशिवाय सोडायला तयार नसतो. त्यामुळे एक सौदा अडला की त्यामागचे चार अडतात.

हिशेबाची पद्धतही निराळी आहे. एखादा खेळाडू ५ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर क्लबच्या ताळेबंदात दरवर्षी १ कोटी खर्च दिसतो. पगार वेगळा. उलट क्लबच्या अकादमीत वाढलेला खेळाडू विकला, तर जवळपास सगळी रक्कम त्याच वर्षी नफा म्हणून दाखवता येते. चाहत्यांच्या लाडक्या घरच्या पोरांना क्लब का विकतात, याचं एक उत्तर इथे आहे. आर्सेनलने २०२४ मध्ये एमिल स्मिथ रो आणि एडी एन्केटिया यांना विकलं, ते दोघेही अकादमीतलेच.

शिवाय मालक गडगंज असला तरी त्याला हवा तेवढा पैसा ओतता येत नाही. प्रीमियर लीगने २०१३ पासून तोट्यावर मर्यादा आणली. बराच काळ ती तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड होती. हा नियम मोडल्याबद्दल २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण कापले गेले.

चार कोटी आणि वर एक पौंड

२०१३ पर्यंत कर्जाचा ताण सैल होऊ लागला होता. जाहिरातींचे नवे, मोठे करार झाले होते. क्लबच्या मुख्याधिकाऱ्यांनीही आता आपण मोठी खरेदी करू शकतो, असे संकेत दिले. चाहत्यांच्या अपेक्षा उंचावल्या.

मग आर्सेनलने लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझसाठी बोली लावली : ४ कोटी १ पौंड. लग्नाच्या अहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालावा, तसा हा एक पौंड. त्याला कारण होतं. ४ कोटींपेक्षा जास्त रक्कम आली की सुआरेझच्या करारातलं विशिष्ट कलम लागू होतं, अशी आर्सेनलची समजूत होती. लिव्हरपूलने खेळाडू सोडला नाही आणि त्यांच्या मालकांनी ट्विटरवरून आर्सेनलची खिल्ली उडवली. पुढच्या हंगामात सुआरेझने लिव्हरपूलसाठी लीगमध्ये ३१ गोल केले.

ऑगस्टमध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात आर्सेनल घरच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ असा हरला. ‘थोडा पैसा खर्च करा’ अशा घोषणा स्टेडियमभर झाल्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मेसुत ओझिल ४ कोटी २५ लाख पौंडांना आला आणि तात्पुरता जल्लोष झाला. २०१४ मध्ये एफए कप जिंकून क्लबने नऊ वर्षांचा दुष्काळ संपवला. २०१५ मध्ये तो कप पुन्हा जिंकला.

मग २०१५ नंतर राग इतका का वाढला?

कारण आता ‘पैसे नाहीत’ हे कारण उरलं नव्हतं. क्लबच्या खात्यात २० कोटी पौंडांच्या आसपास रोकड दिसत होती. त्यातला काही भाग सीझन पासची आगाऊ रक्कम आणि कर्जफेडीची राखीव तरतूद होती, म्हणजे सगळाच पैसा खेळाडूंसाठी मोकळा नव्हता. तरीही २०१५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने पहिल्या संघासाठी एकच मोठी खरेदी केली, ती म्हणजे गोलरक्षक पीटर चेक. बचाव, मधली फळी, आघाडी यांपैकी कुठेही एकही नवा माणूस आला नाही.

नेमका तोच हंगाम जिंकण्याजोगा होता. चेल्सी कोसळला होता, दोन्ही मँचेस्टर अडखळत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये आर्सेनलने लेस्टरला शेवटच्या क्षणी २-१ असं हरवलं आणि दोघांतलं अंतर दोन गुणांवर आलं. पुढच्या काही आठवड्यांत मँचेस्टर युनायटेड आणि स्वान्सी यांच्याकडून पराभव झाले. दुखापतींनी आधीच पातळ झालेल्या संघाला ते झेपलं नाही. लेस्टरने लीग जिंकली आणि आर्सेनल १० गुणांनी मागे, दुसरा राहिला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. लेस्टरचा संघ काही पैशाच्या राशीवर उभा नव्हता. जेमी वार्डी सुमारे १० लाख पौंडांना, तर रियाद माहरेझ त्याहूनही स्वस्तात आला होता. एकेकाळी वेंगर करायचे तेच, म्हणजे दुसऱ्यांना न दिसलेले खेळाडू हेरण्याचं काम, आता इतर क्लब करू लागले होते. आकडेवारीचे विश्लेषक, मोठ्या शोधपथकांचं जाळं, क्रीडा संचालक अशी यंत्रणा त्यांनी उभी केली होती. आर्सेनलमध्ये अखेरचा शब्द अजूनही एकाच माणसाचा होता आणि त्या माणसाला बाजारातल्या फुगलेल्या किमती पटत नव्हत्या.

मालकाकडे बोट का गेलं नाही?

गेलं, पण उशिरा. अमेरिकी उद्योजक स्टॅन क्रोंके यांनी २०११ मध्ये क्लबवर बहुसंख्य हक्क मिळवला. ते क्वचितच बोलत. फक्त जेतेपदंच जिंकायची असतील तर कुणी या धंद्यात पडणारच नाही, अशा आशयाचं त्यांचं २०१६ मधलं विधान चाहत्यांच्या जिव्हारी लागलं. त्याआधीच्या दोन वर्षांत त्यांच्या कंपनीला ‘सल्लागार सेवां’साठी क्लबने दरवर्षी ३० लाख पौंड दिल्याचं ताळेबंदातून पुढे आलं होतं. त्याच काळात आर्सेनलचा सर्वांत स्वस्त सीझन पास १,०१४ पौंडांना मिळत होता आणि तो इंग्लंडमधल्या सर्वांत महागड्यांपैकी होता.

असं असूनही घोषणा ‘वेंगर आऊट’ अशीच राहिली. त्याचं कारण व्यवहारी आहे. मालक शेअर विकत नाही तोवर त्याला हलवता येत नाही. संचालक मंडळ पडद्याआड असतं. मॅनेजर मात्र दर आठवड्याला दोनदा पत्रकारांसमोर बसतो, सामन्यात मैदानाच्या कडेला उभा राहतो आणि त्याचा करार कधीतरी संपतो. बदलता येण्याजोगं तेवढंच असतं, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो.

चाहते आपापसात का भांडले?

एप्रिल २०१६ मध्ये नॉर्विचविरुद्धच्या सामन्यात बदलाची मागणी करणारे कागद अनेकांनी उंचावले. त्याला उत्तर म्हणून इतरांनी वेंगर यांच्या नावाचं गाणं सुरू केलं. ही फूट बरीचशी आठवणींची होती. ज्यांनी १९९६ पूर्वीचा आर्सेनल पाहिला होता, त्यांना वेंगर यांचे उपकार विसरता येत नव्हते. ज्यांची फुटबॉलशी ओळख २००५ नंतर झाली, त्यांनी वेंगर यांच्या सुवर्णकाळाविषयी फक्त ऐकलं होतं.

२०१७ मध्ये बायर्न म्युनिकने चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही सामने ५-१ असे, म्हणजे एकूण १०-२ ने जिंकले. काहीशे चाहत्यांनी हायबरीपासून एमिरेट्सपर्यंत मोर्चा काढला. लीगमध्ये संघ पाचवा आला. तरीही चेल्सीला हरवून एफए कप जिंकला आणि वेंगर यांना दोन वर्षांचा नवा करार मिळाला. मग विरोधाचं रूप बदललं. मार्च २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध कडाक्याच्या थंडीत हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. तिकिटाचे पैसे आधीच भरलेली माणसंही आली नाहीत. २० एप्रिल २०१८ रोजी वेंगर यांनी हंगामाअखेर पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

वेंगर गेल्यावर प्रश्न सुटला का?

नाही. उनाई एमेरी आले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. त्या वर्षी क्लबने खर्चही केला. निकोला पेपे ७ कोटी २० लाख पौंडांना आला, तेव्हाची ती क्लबची विक्रमी खरेदी होती. तो चमकला नाही आणि २०२३ मध्ये त्याचा करार मुदतीआधीच संपवावा लागला. ‘थोडा पैसा खर्च करा’ ही मागणी पूर्ण झाली, पण राग शमला नाही.

मिकेल आर्टेटा यांच्या काळात संघ दोन हंगाम सलग आठवा आला. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिले तिन्ही सामने हरून आर्सेनल गुणतक्त्याच्या तळाशी होता आणि ‘आर्टेटा आऊट’च्या घोषणा सुरू झाल्या होत्या. मात्र त्या उन्हाळ्यातली खरेदी निराळी होती. बेन व्हाईट, मार्टिन ओडेगार्ड, अ‍ॅरन रॅम्सडेल यांच्यासह घेतलेले सहाही खेळाडू २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. तरुण संघ उभा करायचा आणि त्याला वेळ द्यायचा, हा आराखडा बाहेरच्या माणसालाही वाचता येत होता. क्लबने मॅनेजर बदलला नाही. २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम संघ लीगमध्ये दुसरा आला. या काळात लीगचं जेतेपद मिळालं नाही, पण स्टेडियममधलं वातावरण पूर्ण बदललं.

चाहत्यांचं कुठे बरोबर होतं आणि कुठे चुकलं?

संघ मागे पडतोय, हे त्यांनी संचालकांच्या आधी ओळखलं. कोणत्या जागी माणूस कमी आहे, हेही बहुतेक वेळा त्यांना बरोबर दिसत होतं. चूक झाली ती उपायात. मोठी खरेदी केली किंवा मॅनेजर गेला की सगळं ठीक होईल, हा अंदाज पेपे आणि एमेरी यांच्या वेळी फोल ठरला. आर्सेनलच्या या वीस वर्षांकडे पाहिलं तर चाहते पराभव बराच काळ सहन करतात, असं दिसतं. क्लबला नेमकं काय करायचंय हे कळेनासं झालं आणि त्याबद्दल कुणी उत्तर देईनासं झालं, की त्यांचा धीर सुटतो.

हे फक्त इंग्लंडचं नाही. २०२४ च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माऐवजी गुजरातकडून आणलेल्या हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, तेव्हा वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. निर्णय व्यवस्थापनाचा होता, पण नाणेफेकीला समोर उभा होता तो हार्दिक.

ग्राहकाला दुकान आवडलं नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. चाहत्याला ती सोय नसते, कारण आर्सेनलवर चिडलेला माणूस शेजारच्या टॉटनहॅमचा चाहता होऊ शकत नाही. म्हणून त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची काहीतरी व्यवस्था असणं महत्त्वाचं ठरतं. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचं बहुमत सदस्यांकडेच राहील, असा नियम आहे. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक नेमला गेला आणि महत्त्वाच्या बाबींत चाहत्यांशी सल्लामसलत करणं क्लबांना बंधनकारक करण्याची सोय झाली.

आर्सेनलच्या चाहत्यांसाठी हा उलटा प्रवास होता. २०१८ मध्ये क्रोंके यांनी उरलेले शेअर घेऊन पूर्ण मालकी मिळवली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एखादा शेअर असलेल्या सामान्य चाहत्यांनाही तो सोडावा लागला. वार्षिक सभेत उभं राहून मालकाला प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क त्याबरोबरच गेला. आता मॅनेजरची निवड किंवा खेळाडूंची खरेदी पटली नाही, तर ते सांगायला त्यांच्याकडे सल्लागार समितीतला प्रतिनिधी आणि स्टेडियममधली आपली खुर्ची, एवढंच उरलं आहे.